अपेक्षित उत्तर

ऑफिसात तिला सगळे पंतोजी म्हणत. मागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तिला राग येतो म्हणून जरा जास्तच म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. पार्सर नावाचा प्रोग्राम लिहिणारी बाकीची मंडळी आधी पार्सर चालवत, मग त्याने दिलेलं उत्तर बरं दिसतंय ना ते बघत, आणि बरं दिसलं की चहाला जात. ही बाई उलटं करायची. आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने बरोबर उत्तर काढायची, ते फाइलीत उतरवायची, आणि मग यंत्राकडे वळायची, की सांग बघू आता तुझं काय म्हणणं आहे. एका उत्तरासाठी ती अख्खी सकाळ घालवायची. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, पंतोजींनी पाटी काढली, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. शहराबाहेर मोठमोठे धुलाई कारखाने असतात. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कामगारांचे डगले तिथे ढिगाने येतात आणि माणूस उभा मावेल एवढ्या ड्रममध्ये धुतले जातात. ही यंत्रं जुनी. ज्यांनी ती बनवली त्यांनी कधीच गाशा गुंडाळलेला. पण यंत्रांच्या पोटात त्यांची एक भाषा शिल्लक होती: पाणी घे, तापव, फिरव, थांब, दार उघड. पंतोजीची कंपनी या यंत्रांना नवे कंट्रोलर बसवून देत असे, आणि त्यासाठी जुन्या भाषेतले सगळे प्रोग्राम आधी नीट वाचून घ्यावे लागत. हे वाचणारा तो पार्सर. प्रत्येक हुकूम फोडून तो त्याचं एक झाड करतो: हा मुख्य हुकूम, ही त्याची अट, ही अटीची पोटअट. झाड बरोबर आलं तर पुढचं सगळं बरोबर. झाडाची एक फांदी गळली, तर पुढे कितीही हुशार माणसं बसवा, ती नसलेली फांदी कुणालाच दिसत नाही.

हे पार्सर घडवायला एक टूल होतं. त्याला ना बटणं, ना चित्रं. एक काळी खिडकी, त्यात हुकूम टाइप करायचा. भाषेचे नियम दिले की ते पार्सर बनवून देई, आणि टेस्ट म्हटलं की परीक्षा घेई. परीक्षेची फाइल साधी होती. वर जुन्या प्रोग्रामचा एक नमुना, खाली तीन रेघा, आणि रेघांखाली अपेक्षित उत्तर, म्हणजे ते झाड. पार्सरचं झाड आणि लिहिलेलं झाड जुळलं की हिरवी खूण, नाही जुळलं की लाल फुली. पंतोजीचा जीव त्या रेघांखालच्या भागात होता. पार्सर काय, आज आहे उद्या दुसरा लिहिता येतो, असं ती म्हणायची. बरोबर काय ते मात्र कुणीतरी माणसानेच एकदा बसून ठरवलेलं असायला हवं.

याच टूलला एक शेपूट जोडता येत असे. टेस्ट या शब्दापुढे अपडेट लिहायचं. मग टूल भांडत नाही. पार्सरने जे उत्तर दिलं तेच उचलून रेघांखाली लिहून टाकतं आणि हसत हसत हिरवी खूण करतं. पोराने पेपरात जे काही खरडलं असेल तेच आदर्श उत्तर म्हणून छापायचं, तशातली गत. आता ही सोय काही कुणाचं वाईट चिंतून केलेली नव्हती. कधी कधी झाडाच्या फांद्यांची नुसती नावं बदलतात, अर्थ तोच राहतो, आणि शेकडो नमुने एकदम लाल होतात. तेव्हा अपडेट चालवायचं, आणि मग काय काय बदललं ते ओळ न ओळ वाचून काढायचं, अशी रीत आहे. या रीतीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना फार आवडतो.

तिचा नवरा त्याच कंपनीत होता आणि तिच्याच कामाचा प्रमुख होता. तिच्यानंतर लागला आणि तिच्या पुढे गेला. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि न बोलण्याचं कौतुक सासरी बरंच झालं. माणूस वाईट नव्हता. गोडबोल्या, मदतीला धावणारा, मीटिंगमध्ये कुणाचा आवाज चढला की विनोद करून वेळ मारून नेणारा. तारीख पाळणं ही त्याची एकच निष्ठा होती.

काम द्यायची तारीख तोंडावर आली आणि दुसऱ्या गावी एकट्या राहणाऱ्या सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. नणंदेने फोनवरून भरपूर सल्ले दिले. नवऱ्याला रजा मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो प्रमुख. सून मात्र जाऊ शकत होती, कारण ती प्रमुख नव्हती. हे इतकं उघड होतं की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

निघताना एकच नमुना लाल होता. जुन्या यंत्रांतला तो एक लांबलचक हुकूम होता, दोन ओळींत मोडलेला. पहिल्या ओळीत होतं, पाणी उतरलं असेल तर दार उघड. खालच्या ओळीत, थोडी जागा सोडून, उरलेली अट होती: आणि ड्रम पूर्ण थांबला असेल तर. पार्सर ही दुसरी ओळ कुणीतरी सहज लिहिलेला शेरा समजून सोडून देत होता. तिने खालचं उत्तर लिहून ठेवलं होतं, दोन्ही अटी दाराच्या हुकमाला टांगलेल्या. पार्सर अजून तिथवर पोचला नव्हता.

लॅपटॉप नेऊन तिथे काय करणार, म्हणून तो तिने घरीच ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "एक लाल आहे. तसाच राहू दे. मी आल्यावर बघते, तू हात लावू नकोस."

"तू आईकडे बघ," तो म्हणाला. "इकडचं मी बघतो."

हॉस्पिटलात तिने सासूबाईंचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, भात मऊ करून भरवला, रात्री त्यांचा चांगला हात तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवायचा ते धरू दिलं. त्या अडखळत म्हणत, तू सून नाहीस, लेक आहेस. हे वाक्य ऐकलं की पुढे काहीतरी काम येणार हे बायकांना ठाऊक असतं. तरी तिला ते गोड लागलं.

परत आली तेव्हा सगळे नमुने हिरवे होते. तो एक लालसुद्धा. तिने नवऱ्याला विचारलं, तो दोन ओळींचा हुकूम कसा सोडवलास? तो सासूबाईंची खाट कुठल्या खोलीत लावायची ते मोजत होता. झालं ते, म्हणाला. आणि ती, जी दुसऱ्याची स्वल्पविरामाची चूकही सोडत नसे, जिला अख्खं ऑफिस पंतोजी म्हणून चिडवत असे, तिने त्या दिवशी फाइल उघडली नाही. उलट तिला भरून आलं. आपण आईकडे असताना हा आपल्या लाल फुलीपाशी बसला, असं तिला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं वाटायचा तिला हक्क होता. पार्सर कारखान्यांकडे गेला, कंट्रोलर बसले, नवऱ्याचं कौतुक झालं, आणि पेढ्याची जागा घेणारा जो काही केक असतो तो सगळ्यांनी खाल्ला.

काही महिन्यांनी एका कारखान्यातून बातमी आली. यंत्रावर काम करणाऱ्या एका बाईने पाणी उतरल्यावर, दार आपोआप उघडलं म्हणून, नेहमीसारखा चादरी ओढायला हात घातला. ड्रम अजून फिरत होता. तिची उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

ऐकताक्षणी पंतोजी लॅपटॉपकडे वळली. तिने फाइल उघडली. नमुना जागेवर होता, वर दोन ओळींचा हुकूम होता, आणि रेघांखाली एकच अट उरली होती. पाणी. ड्रमची फांदी कुणी कापली नव्हती, कुणी विचार करून काढली नव्हती. ती नसताना शेकडो नमुन्यांत फांद्यांची नावं बदलली गेली, सगळे लाल झाले, आणि अपडेटच्या एका फटकाऱ्यात निरुपद्रवी बदलांच्या गर्दीबरोबर हाही गेला. कोणी केलं ते टूल लिहून ठेवतं. तिथे तिचं नाव होतं. तारीख बघितली, तेव्हा ती सासूबाईंच्या उशाशी होती.

घरी तिने नवऱ्याला समोर बसवलं. त्याने कानावर हात ठेवले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. हो, मीच केलं, म्हणाला. माझ्या मशीनवर ते टूल कुठे आहे, तुझा लॅपटॉप तयार होता, त्यावरून केलं. सगळेच लाल झाले होते, माल द्यायची तारीख तोंडावर होती. पहिले दोनतीन वाचले, नुसती नावंच बदलली होती, म्हटलं सगळे तसेच असणार. त्याचे डोळे खरोखर भरले होते. कुणी मुद्दाम केलंय का, असं त्याने दोनदा विचारलं.

मग तो मुद्द्यावर आला. चौकशी होणार, कुणाचं तरी नाव लागणार. रेकॉर्डला तिचं आहेच. आईला घरी माणूस लागतं, आज ना उद्या तिला नोकरी सोडायचीच होती. एकाची गेली तर घर चालेल, प्रमुखाची गेली तर कसं होईल?

"म्हणजे मी तुझ्या आईची घाण काढत होते तेव्हा मी ही चूक केली," ती म्हणाली. "असं सांगायचं का मी?"

"असं नको बोलूस," तो म्हणाला. आतल्या खोलीतून सासूबाईंनी तिला हाक मारली. त्यांना पाणी हवं होतं. तिने नेऊन दिलं. त्यांनी तिचा हात धरला आणि अडखळत म्हणाल्या, त्याला सांभाळून घे गं, तू आहेस म्हणून हे घर आहे. म्हणजे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं, आणि सून नाही लेक आहेस याचा हिशेब आता पुरा होत होता.

त्या एका गोष्टीवर ती अडून बसली. माझं नाव लागू देणार नाही. तिने गिऱ्हाइकांना गेलेला तोच पार्सर पुन्हा बाहेर काढला, त्या नमुन्याखाली आपलं जुनं, खरं उत्तर पुन्हा लिहिलं, आणि टेस्ट चालवली. हिरव्या रांगेत एक लाल फुली उमटली. ती फुली बघून तिला इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटावी. कुणाची तरी बोटं गेली होती आणि ही बरोबर निघाली होती.

लॅपटॉप घेऊन ती थेट मालकांकडे गेली. नवरा मागून आलाच. मालक शांत माणूस होता, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचा. त्याने लाल फुली बघितली, रेघांखालची दुसरी अट बघितली, हॉस्पिटलातल्या तारखा ऐकल्या. नवऱ्याने मान खाली घालून सगळं कबूल केलं. ती थांबली, आता याच्यावर आकाश कोसळणार म्हणून. मालकाने विचारलं ते वेगळंच. हा पार्सर किती ठिकाणी गेलाय?

मग वकील आला, दार लागलं, आणि एका सकाळीत सगळं ठरलं. दोन ओळींचा हुकूम तिने ताबडतोब दुरुस्त करायचा. दुरुस्त पार्सर सगळ्या कारखान्यांना नेहमीची सुधारणा म्हणून जाईल, म्हणजे आणखी कुणाचा हात जाणार नाही. तिचं नाव कुठेही लागणार नाही. नवऱ्याचंही नाही. कुणाचंच नाही. तिच्या कामाबद्दल कंपनीला आदर आहे, हे मालकाने मुद्दाम सांगितलं, आणि ते खरंच होतं.

"आणि ती बाई?" तिने विचारलं.

ते कारखाना बघेल, वकील म्हणाला. त्यांची माणसं येऊन तपासणी करतील. अपघाताच्या दिवशी जो पार्सर होता तो परीक्षेत पास होता की नाही, एवढंच त्यांना बघायचं आहे. दार बरोबर उघडलं असेल, तर बाईंनी घाईत हात घातला असणार. त्यासाठी त्या दिवशीच्या फायली त्या दिवशी होत्या तशाच असाव्यात, एवढीच विनंती. तिने मागाहून त्यात जे लिहिलंय, ते नसावं.

तेव्हा ती उठून गेली असती तर? असा प्रश्न आपण बाहेर बसून विचारू शकतो. माणसाला विकत घ्यायला दर वेळी काही द्यावं लागतं असं नाही, त्याचंच हिसकावलेलं त्याला परत दिलं तरी भागतं. ती एका गोष्टीसाठी भांडायला आली होती आणि ती गोष्ट तिच्या पदरात घातली गेली होती. त्या बाईसाठी भांडायला ती आलेली नव्हती, हे तिला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि कळूनही तिचे पाय हलले नाहीत. पुढचे हात वाचतील, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त सोयीचं होतं.

दुरुस्ती तिने दुसऱ्याच दिवशी करून दिली, आणि चोख करून दिली. मग त्या जुन्या दिवसाच्या फायली उरल्या. नवरा म्हणाला, आण, मी करतो. ती म्हणाली, माझ्या मशीनला हात लावायचा नाही. आणि तिने स्वतः काळी खिडकी उघडली, टेस्ट टाइप केलं, पुढे अपडेट टाइप केलं. तिच्या आयुष्यात तिने ते शेपूट लावून पुढचं न वाचल्याची ही पहिलीच वेळ. वाचण्यासारखं काही नव्हतंच. काय बदललं ते तिला पाठ होतं.

तपासणीला कारखान्याचा व्यवस्थापक आला, त्याच्याबरोबर सुरक्षा बघणारा एक अधिकारी आला, आणि जखमी व्यक्ती हजर असावी असा नियम म्हणून ती बाईही आली. पंतोजीपेक्षा वयाने थोडी मोठी असेल. ठेवणीतले कपडे घातले होते. बँडेज बांधलेला हात तिने टेबलाखाली ठेवला होता, आणि पाण्याचा ग्लास डाव्या हाताने उचलताना थोडं सांडलं, तर तिने आधी रुमालाने टेबल पुसलं. मालकाने स्वतः तिची चौकशी केली. नवऱ्याने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. चांगुलपणात कुणी कमी पडलं नाही.

भिंतीवर पंतोजीच्या लॅपटॉपचा पडदा दिसत होता. तिने टेस्ट टाइप केलं आणि कळ दाबली. नमुन्यांची नावं सरसर खाली येत गेली, प्रत्येकापुढे हिरवी खूण. दोन ओळींचा हुकूम आला आणि तोही हिरवाच वर सरकून गेला. अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. व्यवस्थापकाचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

ती बाई एवढा वेळ पडद्याकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण हिरवं म्हणजे बरोबर, एवढं कुणालाही कळतं. तिने पंतोजीला विचारलं, कारण खोलीत दुसरी बाई अशी तेवढीच होती, "हे सगळं बरोबर आहे, म्हणजे दार वेळेवरच उघडलं होतं ना?"

नवरा समोरच्या कागदाकडे बघत होता. मालक बाईकडे सहानुभूतीने बघत होता. उत्तर द्यायचं होतं ते तिला एकटीलाच.

"हो," पंतोजी म्हणाली.

बाईने मान हलवली. त्या दिवशीचं सगळं ती डोळ्यांसमोर आणून पुन्हा नीट बघू लागली. ड्रम थांबल्यासारखा वाटला होता, ती म्हणाली. रोज तसंच करते, दार उघडलं म्हणजे थांबलेलाच असतो. पण यंत्र बरोबर होतं म्हटल्यावर मग तिच्याच बघण्यात काहीतरी चुकलं असणार. घरीसुद्धा नवरा म्हणतो, तुला नेहमी घाई असते. मग ती ओशाळवाणं हसली.

"माझ्यापायी तुम्हाला सगळ्यांना उगाच त्रास झाला," ती पंतोजीला म्हणाली. "राग मानू नका."

"असू दे," पंतोजी म्हणाली.